मुंबईच्या घरातला शरद ऋतू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती गेले की मुंबईच्या घरांमध्ये वर्षातला सर्वांत भरगच्च काळ सुरू होतो. आश्विन आणि कार्तिक या दोन महिन्यांत घट बसतात, तोरणे लागतात, दूध आटते, भाजण्या दळल्या जातात, कंदील चढतात आणि शेवटी तुळशीचे लग्न लागते. नोकरी, लोकलचा प्रवास आणि दोन खोल्यांचे घर सांभाळून हे सारे कसे करावे, असे अनेक जण, विशेषतः नव्याने संसार मांडलेली मंडळी, आवर्जून विचारतात. त्यांच्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

मुंबईत शरद ऋतू खरोखर जाणवतो का? येथे तर पावसाळ्यानंतर पुन्हा उन्हाळाच येतो.

जाणवतो, मात्र तो थंडीच्या रूपाने येत नाही. हवामान विभागाच्या सुधारित वेळापत्रकानुसार मुंबईतून पाऊस माघारी फिरण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. त्यानंतर आभाळ मोकळे होते, जमिनीत आणि हवेत ओल शिल्लक असते, जमिनीकडून येणाऱ्या वाऱ्यांमुळे समुद्राचा वारा उशिरा सुरू होतो आणि कमाल तापमान चौतिशीच्या घरात जाते. यालाच आपण ‘ऑक्टोबर हीट’ म्हणतो आणि तिच्या नावाने महिनाभर कुरकुर करतो. परंतु याच दिवसांत पहाटेची हवा हलकी होते, धुतलेले आकाश दिसते आणि संध्याकाळी रस्त्यांवर सातवीण फुलते. सप्तपर्णीचा तो दाट, काहींना आवडणारा आणि काहींचे डोके दुखवणारा वास आला, की या शहरात शरद आला असे खुशाल समजावे.

या कडक उन्हाचा घराला काही उपयोग आहे का?

फार मोठा उपयोग आहे, आणि आपल्या आज्या तो पुरेपूर करून घेत असत. चार महिन्यांच्या दमट हवेने गाद्या, गोधड्या, लोकरीचे कपडे, पुस्तके, चामड्याच्या चपला आणि लाकडी कपाटांचे मागचे पत्रे या सर्वांना कुबट वास आलेला असतो. गच्ची वापरण्याची परवानगी असेल तर उत्तमच, नाहीतर गॅलरीच्या ग्रिलवर दोन दोन तास आळीपाळीने वस्तू टाकल्या तरी पुरते. गोधडी दोन्ही बाजूंनी तापू द्यावी आणि निवल्यावरच तिची घडी घालावी, कारण गरम घडी कपाटात ठेवली तर आतल्या वाफेने पुन्हा ओल धरते. पुस्तके मात्र थेट उन्हात ठेवू नयेत. कागद पिवळा पडतो आणि बांधणी सुटते, म्हणून ती उभी करून, पाने किंचित उघडी ठेवून पंख्याखाली मांडावीत. छत्र्या आणि रेनकोटही याच आठवड्यात पूर्ण सुकवून ठेवून द्यावेत. चिवड्याचे पातळ पोहे उन्हात पसरले तर पुढे ते भाजायला कमी वेळ लागतो आणि चुरा कमी होतो.

सणांच्या तारखा दरवर्षी एवढ्या का बदलतात?

आपले सण चांद्रमासांवर बेतलेले आहेत. बारा चांद्रमासांचे वर्ष साधारण ३५४ दिवसांचे, म्हणजे सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते, त्यामुळे सण दरवर्षी तेवढे अलीकडे सरकतात आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे जातात. २०२३ साली अधिक श्रावण होता, म्हणून लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला आले, तर २०२४ मध्ये ते १ नोव्हेंबरला होते. रजा आणि फराळाचे नियोजन करताना मागील वर्षाच्या तारखेवर विसंबू नये. दिवाळी लवकर आली तर फराळ दमट हवेत करावा लागतो, आणि चकलीचा कुरकुरीतपणा त्यावर अवलंबून असतो.

आमच्याकडे घट बसवण्याची रीत नाही. तरीही नवरात्रात धान्य पेरता येईल का?

घटस्थापना हा कुळाचार आहे, तो ज्यांच्याकडे आहे त्यांनी आपल्या घरच्या पद्धतीनेच करावा. परंतु मुलांना नऊ दिवसांत धान्य कसे वर येते हे दाखवण्यासाठी परडीत किंवा पसरट कुंडीत माती घालून गहू पेरण्यास काहीच हरकत नाही. गहू आदल्या रात्री भिजवावेत, दोन बोटे मातीवर दाट पसरावेत, वर मातीचा पातळ थर द्यावा आणि पाणी ओतण्याऐवजी शिंपडावे. मुंबईच्या हवेत जास्त पाण्याने बुरशी येते, आणि धान्य न उगवण्याचे कारण बहुधा हेच असते. देव्हाऱ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात उगवलेली पाती पिवळसर राहतात, कारण हिरवा रंग धरण्यासाठी उजेड लागतो. त्यात अशुभ असे काही नसते. दसऱ्याला हीच पाती देवाला वाहतात, पुरुष टोपीत आणि स्त्रिया केसांत माळतात.

नवरात्रातले नऊ रंग परंपरेने ठरलेले आहेत का?

नाहीत. ही अलीकडची, वृत्तपत्रांमुळे घराघरांत पोहोचलेली पद्धत आहे. पहिल्या सात दिवसांचे रंग वारांवरून ठरतात : सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, गुरुवारी पिवळा असे, आणि उरलेल्या दोन दिवसांचे दरवर्षी जाहीर होतात. शास्त्राधार नसला तरी सकाळच्या गाडीचा महिलांचा डबा एका रंगात न्हाऊन निघालेला पाहणे हा या शहरातला निर्मळ आनंद आहे, आणि त्यासाठी नवी साडी घेण्याची मुळीच गरज नाही.

भोंडला सोसायटीत कसा करावा? गाणी येणारी माणसे उरली नाहीत.

उरली आहेत, त्यांना विचारावे लागते. प्रत्येक इमारतीत निदान एक काकू किंवा आजी अशी असते जिला निम्मी गाणी तोंडपाठ असतात आणि उरलेली निम्मी दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना येतात. त्या दोघींना शेजारी उभे केले की गाणी पूर्ण होतात. पाटावर हत्ती काढावा किंवा हत्तीचे चित्र ठेवावे, त्याला झेंडूची माळ घालावी आणि भोवती फेर धरावा. परंपरेने हादगा, म्हणजे भोंडलाच, सूर्य हस्त नक्षत्रात गेल्यावर, म्हणजे २७ सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतो, परंतु मुंबईत तो नवरात्रातल्या सोयीच्या एखाद्या संध्याकाळी उरकला जातो. खिरापत मात्र झाकूनच आणावी आणि ओळखायला लावावी. चौकशीच्या वेळी डबा हलवून दाखवणे, ‘गोड की तिखट’ एवढेच सांगणे, आणि कोणालाच ओळखता येऊ नये म्हणून भलताच पदार्थ करून आणणे, यातच मुलींचा सारा उत्साह असतो. मुलगेही फेरात आले तर येऊ द्यावेत.

दसऱ्याला आपट्याची पाने म्हणून जी पाने मिळतात, ती खरी असतात का?

पुष्कळदा नसतात. आपट्याचे पान लहान, जाडसर आणि रुंदीला अधिक असते, तर त्याच्या नावाने विकले जाणारे कांचनाचे पान मोठे आणि पातळ असते. दोन्ही एकाच कुळातली झाडे आहेत आणि दोन्हींची पाने टोकाशी दुभंगलेली असल्याने फसगत होते. एका दिवसासाठी फांद्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात आणि संध्याकाळी ती पाने रस्त्यावर तुडवली जातात, हे पाहून वाईट वाटते. देवापुढे एक जुडी ठेवावी आणि थोरामोठ्यांना एकेक पान देऊन नमस्कार करावा. ‘सोने घ्या, सोन्यासारखे राहा’ हे म्हणण्यासाठी तेवढे पुरेसे आहे.

झेंडूसाठी दादर स्थानकाच्या पश्चिमेला भरणारा फूलबाजार गाठायचा असेल तर पहाटे जावे. फुले प्लॅस्टिकच्या पिशवीत न कोंडता ओलसर फडक्यात आणावीत आणि तोरण ओवताना दाभण फुलाच्या मधोमध न घालता खालच्या हिरव्या देठातून घालावे, म्हणजे फूल लवकर विस्कटत नाही. झेंडूच्या मधे आंब्याची पाने आणि मिळाल्यास भाताच्या लोंब्या ओवाव्यात. लहान मुलांकडून पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढून घ्यावी. पाटी नसेल तर कागद चालतो.

आदल्या दिवशी लोकलच्या डब्यात होणारी पूजाही विसरू नये. रोज त्याच गाडीने जाणारे प्रवासी डबा झेंडूने आणि पताकांनी सजवतात, आरती करतात आणि पेढे वाटतात. वर्षभर धक्काबुक्कीत ज्या डब्याने आपल्याला वेळेवर पोहोचवले, त्याला हार घालण्याची ही रीत मला आपल्या शहराची सर्वांत सुंदर शस्त्रपूजा वाटते.

कोजागिरीचे दूध घट्ट आणि चवदार कसे होते? आणि चंद्रच दिसला नाही तर?

म्हशीचे दूध जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर आटवावे आणि कडेला जमणारी साय सतत आत मोडत राहावे. दीड लिटरचे सव्वा लिटर झाले की साखर घालावी. साखर आधी घातली तर दूध बुडाला लागण्याचा धोका वाढतो. केशर कोमट दुधात खलून घालावे. वेलची आणि जायफळ आच बंद करण्याच्या बेतात टाकावे, आणि जायफळ अगदी थोडे किसावे. बदाम-पिस्त्यांची पूड फार बारीक केली तर दूध पिठूळ लागते, ती भरडच ठेवावी आणि वर चारोळी घालावी.

गच्चीवर चटया अंथरून सगळ्या मजल्यांनी एकत्र बसावे. मुंबईत पौर्णिमेचा चंद्र इमारतींच्या वर येईपर्यंत वेळ लागतो, मध्यरात्री तो जवळजवळ डोक्यावर असतो आणि तेव्हाच पातेल्यात त्याचे प्रतिबिंब नीट पडते. ढग आलेच तर थोडी वाट पाहावी आणि मग नैवेद्य दाखवून दूध प्यावे. याच दिवशी घरातल्या ज्येष्ठ अपत्याला औक्षण करतात, त्याला आश्विनी म्हणतात. हल्ली ही रीत मागे पडत चालली आहे. चाळिशीतल्या मुलालाही त्या दिवशी आईने ओवाळावे. कोकणातल्या मंडळींची हीच नव्याची पौर्णिमा, त्या दिवशी नव्या भाताचा मान असतो आणि दाराला लोंब्यांचे तोरण लागते.

फराळातला कोणता पदार्थ घरी करावा आणि कोणता विकत आणावा?

वेळ कमी असेल तर माझे मत स्पष्ट आहे : सर्व पदार्थ घाईने करण्यापेक्षा दोनच पदार्थ मनापासून करावेत आणि बाकीचे विकत आणावेत. लालबागला चिवड्याची अख्खी गल्ली आहे, आणि दादर, गिरगाव, पार्ले येथे महिला बचत गट व घरगुती व्यावसायिक उत्तम फराळ करून देतात. त्यांच्याकडून घेण्यात कमीपणा नाही. मात्र अनारसे एकदा तरी घरी करून पाहावेत, कारण त्यांची खरी चव तयारीच्या त्या आठवड्यात आहे.

जुना, चिकट नसलेला तांदूळ तीन दिवस भिजत घालावा आणि रोज पाणी बदलावे. मुंबईच्या उकाड्यात पाण्याला लवकर वास येतो, म्हणून दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ बदलले तरी चालते. तिसऱ्या दिवशी तांदूळ उपसून सुती कापडावर सावलीत, पंख्याखाली पसरावेत आणि हाताला ओलसर लागत असतानाच दळावेत. पूर्ण कोरडे झाले की अनारशाची जाळी बिघडते. पीठ बारीक चाळणीने चाळावे, त्यात पिठाच्या वजनाइतका किंवा किंचित कमी किसलेला गूळ आणि थोडे साजूक तूप घालून गोळा मळावा आणि डब्यात चार-पाच दिवस मुरू द्यावा. पुढे लागेल तितकाच गोळा घेऊन मऊ करावा, खसखशीवर पुरी थापावी आणि खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवरच्या तुपात सोडावी. झाऱ्याने वरून तूप उडवत राहावे आणि अनारसा उलटू नये. तो तुपात पसरून विरघळू लागला, म्हणजे आपल्याकडे म्हणतात तसा ‘हसला’, तर गूळ जास्त झाला आहे. अशा वेळी गोळ्यात थोडी तांदळाची पिठी मिसळून पुन्हा एक करून पाहावा. तळलेले अनारसे चाळणीत उभे ठेवावेत, तूप निथळते.

चकली दुसऱ्या दिवशी मऊ का पडते?

याची कारणे बहुतेक तीन असतात. पहिले म्हणजे घाई : मोठ्या आचेवर बाहेरून रंग येतो आणि आत ओल राहते, ती ओल रात्रीतून बाहेर येते. तेलातले बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत चकली मध्यम आचेवर तळावी. दुसरे कारण मोहन, म्हणजे पीठ भिजवताना घातलेले कडकडीत तेल. ते जास्त झाले तर चकली तेलात तुटते, आणि कमी झाले तर ती कडक होते व आपण ती घाबरून लवकर काढतो. तिसरे कारण दमट हवा : पूर्ण निवण्याआधी डबा बंद केला किंवा डबा वारंवार उघडला तर सारे कष्ट वाया जातात. भाजणीचे प्रमाण घरोघरी वेगळे असते, परंतु ४ वाट्या तांदूळ, २ वाट्या हरभरा डाळ, १ वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी मूग डाळ आणि मूठभर धने-जिरे हे प्रमाण सहसा दगा देत नाही. प्रत्येक धान्य वेगवेगळे भाजावे.

आकाशकंदील घरी करणे आजही शक्य आहे का?

शक्य आहे, आणि एका रविवारी पूर्ण होते. बांबूच्या कामट्या सारख्या मापाच्या कापून त्यांच्या चौकटी कराव्यात आणि त्या कोपऱ्यांवर दोऱ्याने एकमेकींना बांधाव्यात, म्हणजे चौकोन आणि त्रिकोण असलेला जुना, ओळखीचा सांगाडा उभा राहतो. पतंगी कागद मैद्याच्या खळीने चिकटवावा. खळ पातळ असावी, नाहीतर कागद सुकताना चुण्या पडतात. खाली झिरमिळ्या लावल्याशिवाय कंदील पुरा होत नाही. आत कमी वॅटचा एलईडी दिवा सोडावा, जुन्या पिवळ्या बल्बच्या उष्णतेने कागद करपत असे. स्वतः करणे जमत नसेल तर माहीमला लेडी जमशेटजी रस्त्यालगतच्या कंदील गल्लीत एक फेरी मारावी आणि हाताने केलेला कागदी किंवा कापडी कंदील घ्यावा. पणत्यांसाठी धारावीचा कुंभारवाडा आहे. नव्या पणत्या काही तास पाण्यात बुडवून, पुसून वाळवल्या की तेल कमी पितात.

अंगण नसताना मुलांना किल्ला कसा करता येईल?

सोसायटीच्या आवारातला एखादा कोपरा कमिटीकडून आठवडाभरासाठी मागून घ्यावा. तोही नसेल तर गॅलरीत जुन्या पाटावर किंवा पत्र्यावर किल्ला होतो. खाली विटा आणि दगड रचून वर गोणपाट घालावे आणि त्यावर लाल मातीचा चिखल लिंपावा, म्हणजे माती कमी लागते. उतारावर हळीव किंवा मोहरी चार दिवस आधी पेरली की दिवाळीत हिरवळ दिसते. बुरूज, महादरवाजा, तळे आणि चोरवाट कोठे असावी याचा निर्णय मुलांनाच घेऊ द्यावा. वडिलांनी चिखल कालवण्यापुरतीच मदत करावी.

नरक चतुर्दशीच्या सकाळी कोकणी घरांत पोह्यांना एवढे महत्त्व का?

भाताचे नवे पीक हाती आलेले असते, आणि त्याचे पोहे त्या सकाळी देवाला व शेजाऱ्यांना दिले जातात. पहाटे तेल-उटण्याचे अभ्यंगस्नान, तुळशीपाशी पायाने फोडलेले कडू कारीट, आणि मग दूधपोहे, गूळ-खोबऱ्याचे पोहे, ताकातले पोहे, बटाट्याचे तिखट पोहे असा थाट असतो. त्यात कोळाचे पोहे अवश्य करावेत : चिंचेचा कोळ आणि नारळाचे दूध एकत्र करून त्यात गूळ, मीठ, मिरची घालावी, वरून फोडणी द्यावी आणि खाण्याच्या वेळी त्यात पोहे भिजवावेत. कारीट मुंबईत आदल्या संध्याकाळी बाजाराच्या तोंडाशी बसलेल्या बायकांकडे मिळते.

दिवाळी अंक वाचण्याची सवय पुन्हा कशी लावावी?

सर्वच अंक विकत घेणे परवडत नाही आणि त्याची गरजही नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही मराठी घरांची परंपरा चालू आहे, आणि ती प्रामुख्याने वाचनालयांनी जगवली आहे. अनेक वाचनालये ठरावीक शुल्कात काही महिने अंक बदलून देतात. दुसरा मार्ग असा की मजल्यावरच्या चार घरांनी प्रत्येकी एक वेगळा अंक घ्यावा आणि तुळशीच्या लग्नापर्यंत तो फिरवावा. फराळाची ताटे जशी घरोघर जातात तसे अंकही जावेत.

फटाक्यांविषयी काय करावे?

न उडवणे सर्वांत चांगले. या दिवसांत वारा मंद असल्याने धूर खालीच साचतो आणि शेजारची तान्ही मुले, दम्याचे रुग्ण व मुकी जनावरे हैराण होतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० एवढीच वेळ ठरवून दिली होती. मुलांचा हट्टच असेल तर त्या वेळेत दोन-चार फुलबाज्या पुरतात.

या ऋतूत बाजारातून आणि रस्त्यावरून आणखी काय घरी आणावे?

सीताफळे आणावीत. डोळ्यांमधल्या खाचा पांढुरक्या होऊन फुगल्या असतील ते फळ एक-दोन दिवसांत पिकते. ते फ्रिजमध्ये न ठेवता कागदात गुंडाळून ठेवावे. ओल्या भुईमुगाच्या शेंगा मीठ घालून उकडाव्यात, शिंगाडे दिसले तर तेही घ्यावेत. आणि सकाळी फिरायला गेल्यावर बुचाच्या झाडाखाली थांबावे. लांब दांड्याची ती पांढरी फुले सडा पडल्यासारखी पसरलेली असतात, आणि त्यांची वेणी दोऱ्याशिवाय, दांड्यांत दांडे गुंफूनच करता येते. ती कशी गुंफायची हे मुलीला किंवा नातीला दाखवायला पाच मिनिटे पुरतात, आणि या ऋतूत मुलांना देण्यासारखे याहून चांगले काही मला सुचत नाही.

दिवाळीनंतर घर एकदम सुने वाटते. पुढे काय असते?

अजून तुळशीचे लग्न आहे. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत कोणत्याही संध्याकाळी ते लावता येते. कुंडी गेरूने रंगवावी, उसाचा मांडव करावा, मुळाशी आवळे, चिंचा आणि बोरे ठेवावीत, अंतरपाट धरावा आणि मंगलाष्टके म्हणावीत. शेजाऱ्यांना अक्षता घेऊन बोलवावे, चुरमुरे आणि उसाचे करवे वाटावेत. त्रिपुरारी पौर्णिमेला जमल्यास वाळकेश्वरला बाणगंगेच्या पायऱ्यांवरचे दिवे पाहावेत. गर्दी असते, म्हणून लवकर जावे.

तोरणे, कंदील आणि निर्माल्य यांचे नंतर काय करावे?

तोरणाचा दोरा आणि जरीची फीत काढून फुले कुंडीतल्या मातीत मिसळावीत किंवा निर्माल्य कलशात टाकावीत. समुद्रात सोडू नयेत. झेंडूची चार फुले पूर्ण वाळवून त्यांच्या बिया कागदी पुडीत ठेवल्या तर जूनमध्ये पेरता येतात. कंदिलाचा फाटका कागद सोडवून सांगाडा वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवावा, कामट्या चांगल्या असतील तर पुढील वर्षी केवळ कागद बदलावा लागतो. पणत्यांचे तेल गरम पाण्याने आणि रिठ्याने धुऊन त्या उन्हात वाळवाव्यात, आणि चकलीचा सोऱ्या पुसून कोरडा झाल्याशिवाय डब्यात घालू नये, कारण पितळी सोऱ्यावर ओल राहिली की हिरवट कळंक चढतो.